मिरजेच्या तुनाच्या फळीतून इलेक्ट्रिक गिटार: कोणी करून पाहिलंय का?

हरिपूररोड (११ मार्च, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. दिवसा दुकानांचे हिशेब लिहितो आणि रात्री गिटार वाजवतो. गेल्या आठवड्यात बहिणीच्या तंबोऱ्याची जव्हारी काढायला (तारा टेकतात ती घोडी घासून सूर खुलवून घ्यायला) मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो. तिथं कोपऱ्यात एक तुनाची, म्हणजे सतारीला वापरतात त्या लाकडाची, फळी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. दोन इंच जाड, चौदा इंच रुंद, वीस इंच लांब. एका टोकाला गाठ आहे, म्हणून सतारीच्या कामातून बाजूला काढलेली. मालक म्हणाले, पाच वर्षं वाळलीय. तंबोरा राहिला बाजूला, मी फळी घेऊन घरी आलो.

आता ती टेबलावर आहे आणि मी तिच्याभोवती फिरतोय. तिच्यातून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी निघेल असं वाटतं. पण पुढचे प्रश्न संपत नाहीत. दांडी कशाची करायची? पॉलिश कोणतं, कारण जूनपासून आपल्याकडची हवा ओली? पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, घरी गुंडाळता येतो का? आणि एवढं केल्यावर साधा अँप्लिफायरही स्वतःच बांधावा का, की जुना विकत घ्यावा?

बायको म्हणते, एवढ्या पैशात तयार गिटार येईल. येईलही. पण जिथं दीडशे वर्षांहून जास्त काळ तारवाद्यं घडताहेत, त्या गावापासून दहा किलोमीटरवर राहून मी गिटारचं खोकं कुरिअरने मागवावं, हे मनाला पटत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, फसलं असेल तर तेही सांगा.

वाचनमात्र (११ मार्च, रात्री १०:४१)

फळीचा फोटो टाका आधी!

जव्हारीवाला (१२ मार्च, सकाळी ७:१५)

आमचं घर याच कामातलं. मी स्वतः आता नोकरी करतो, पण रंध्याचा आवाज ऐकतच मोठा झालो, म्हणून लिहितो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेत हे काम सुरू झालं. आधी शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी मंडळी. तलवारीचं काम कमी झालं आणि तेच हात तंबोऱ्याकडे वळले. त्यामुळे नवीन वाद्याला हात घालणं या गल्लीला परकं नाही. उलट परंपरा तीच आहे.

तुनाबद्दल: तून हे महोगनीच्याच कुळातलं झाड. गिटारवाले महोगनीचं नाव घेतात, तर तुमची फळी तिची चुलतबहीण समजा. हलकं, कापायला गोड, रंध्याखाली सुगंध येतो. बॉडीला उत्तम. फक्त दांडी बसवायच्या खाचेत आणि घोडीच्या स्क्रूखाली गाठ येऊ देऊ नका. गाठ कडेच्या बाजूला, कापून जाणाऱ्या भागात ढकला.

"पाच वर्षं वाळलीय" यावरही डोळे मिटून विसंबू नका. वाण्याच्या काट्यावर फळी तोला आणि वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. तीनदा तेच वजन आलं तर लाकूड शांत झालं.

दांडी मात्र तुनाची करू नका. सतारीची दांडी तुनाची चालते कारण ती रुंद आणि जाड असते. गिटारची दांडी मुठीत मावायची असते. दहाच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) सहा तारा मिळून तिला जवळजवळ ४५ किलोने ओढतात. सरळ रेषांचा जुना साग घ्या, दांडी वाकू नये म्हणून आत लोखंडी ट्रस रॉड घाला आणि वर शिसवाची पट्टी.

पुणेरी_स्ट्रॅट (१२ मार्च, सकाळी ९:०२)

तुनाने आवाज मऊ येईल. चमक हवी असेल तर अल्डर किंवा अ‍ॅश मागवा. लाकूड हाच गिटारचा आत्मा आहे, तिथं तडजोड नको.

डाग_सोल्डर (१२ मार्च, सकाळी ९:३०)

पुणेरी, प्रेमाने असहमत.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते. तो लाकूड ऐकतच नाही, फक्त तार ऐकतो. सतारीत उलट आहे. तिथं तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, हाच स्पीकर, म्हणून तिथं लाकडावर आयुष्य घालवणं बरोबरच आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास ओंडक्यासारख्या चौकोनी पाइनवर तारा बसवल्या, त्या लाकूड थरथरू नये म्हणूनच. पोकळ गिटार मोठ्या आवाजात शिट्टी मारायची, तो त्रास त्याला टाळायचा होता.

प्रयोग करून बघा. पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून दोन मिलिमीटर खाली घ्या. आवाजात जेवढा फरक पडेल, तेवढा लाकूड बदलून पडणार नाही.

पुणेरी_स्ट्रॅट (१२ मार्च, सकाळी ९:५५)

मग एकाच पिकअपच्या दोन गिटार वेगळ्या का वाजतात? तार कशाला बांधलेली आहे यावर ती कशी थरथरते हे ठरतंच की.

डाग_सोल्डर (१२ मार्च, सकाळी १०:१०)

ठरतं. पण आधी पिकअपची उंची, घोडी, तारांचं वय आणि हात. मग लाकूड. माझा क्रम असा आहे.

जव्हारीवाला (१२ मार्च, दुपारी १:२०)

दोघांच्या भांडणात एक व्यवहाराची गोष्ट राहिली: वजन. बॉडीचं आकारमान साधारण ४ लिटर धरा. तुनाची बॉडी सव्वादोन किलोच्या आसपास भरेल. सागाची अडीचच्या वर, आणि शिसवाची साडेतीन किलोपर्यंत जाईल. पट्टा खांद्याला लावून दोन तास उभं राहिलं की कोणतं लाकूड चांगलं हे खांदाच सांगतो.

कुपवाड_सीएनसी (१२ मार्च, रात्री ८:४५)

वाचून राहवलं नाही. कुपवाड एमआयडीसीत मशीन चालवतो. बॉडीचा साचा बारा मिलिमीटर एमडीएफमध्ये कापून देतो, पैसे नकोत, रविवारी या. साच्याला धरून राऊटर (लाकूड कोरणारं मशीन) फिरवला की कड नीट येते. एका फेरीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नका. तून मऊ आहे, घाई केली तर कडेचं लाकूड ढलपीसकट उडतं.

पडद्यांचं गणित साधं आहे आणि तिथं चूक माफ नाही. घोडीपासून नटपर्यंतचं (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचं) अंतर ६४८ मिलिमीटर घेतलं तर त्याला १७.८१७ ने भागा. ३६.३७ येतं, हा पहिला पडदा. उरले ६११.६३, त्याला पुन्हा १७.८१७ ने भागा, ३४.३३. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर पडला पाहिजे. नाही पडला तर वरती कुठंतरी चुकलंय. आणि प्रत्येक पडदा नटपासूनच मोजा. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलात तर चूक साठत जाते.

जव्हारीवाला (१२ मार्च, रात्री ९:३०)

हे वाचून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आमचा पडदा दोऱ्याने बांधलेला. कानाला खटकला की सरकवायचा. यांनी तो ठोकूनच टाकला, मग कोमल गंधार कसा लावायचा?" मी म्हणालो, तार ओढून. त्यावर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आपलीच मींड आहे ती."

सातारी_कंदी (१३ मार्च, सकाळी ११:००)

जव्हारीवाला दादा, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

माझा एक प्रश्न. रंगासाठी हळद चालेल का? सांगलीची हळद, मिरजेचं तून. हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. एकाच गिटारवर जिल्ह्याची दोन मानांकनं!

रंगारी_माधवनगर (१३ मार्च, दुपारी ४:१०)

ताई, कल्पना गोड आहे, पण हळद उन्हात टिकत नाही. साडीवर पडलेला हळदीचा डाग आई उन्हात वाळत घालून घालवते, तसाच गिटारचा पिवळा रंग खिडकीपाशी ठेवून वर्षभरात उडेल. पाण्यात ती नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे रंग चढतो सुरेख, पण राहत नाही.

एक गंमत मात्र करून पाहण्यासारखी आहे. हळदीला चुन्याची निवळी लावली की ती लाल होते, कुंकू असंच करतात. मध्यभागी पिवळं, कडेला लालसर, म्हणजे घरचा सनबर्स्ट! तुकड्यावर करा, मन भरून बघा, आणि गिटारवर लाकडाचा पक्का स्पिरिट स्टेन वापरा.

आता पॉलिश. आमच्या धंद्यात तीन रस्ते आहेत.

चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून फडक्याच्या बोळ्याने मारायची. तंबोऱ्याला मिरजेत हेच हात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. गन लागत नाही, वास सहन होतो, ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा भरता येतो. उणीव अशी की घामाने आणि गरमीने मऊ पडते. पोटाला टेकणारी कड वर्षभरात उघडी पडते.

एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुन्या अमेरिकन गिटारवर हेच असायचं. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने रंगीत गिटारसाठी सरळ मोटारींचे रंग वापरले होते, म्हणून गाड्या रंगवणाऱ्याकडे गिटार नेण्यात कमीपणा काही नाही. पण जुलैत एनसी मारू नका! थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि सगळं दुधाळ होतं. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घालून थोडं सावरता येतं, पण एप्रिल-मे हाच खरा मोसम. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे टांगून ठेवा. बोटाने दाबून बघू नका, ठसा उमटतो. माझा उमटलाय.

तिसरं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दोन डब्यांचं, कडक, पावसाला आणि घामाला पुरून उरणारं. मारताना मास्क लावाच. साधा कापडी नव्हे, वाफ अडवणारा. हार्डनरची वाफ फुप्फुसाला कायमची धरते.

साग आणि शिसव तेलकट असतात. त्यांच्यावर पीयू थेट मारलं तर आठवडाभर चिकट राहतं. आधी थिनरने पुसा, मग मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, मग पीयू. लाख खाली, पीयू वर. मिरज खाली, एमआयडीसी वर.

वाचनमात्र (१३ मार्च, दुपारी ४:२५)

शेवटच्या ओळीला टाळ्या.

बँजोमास्तर (१३ मार्च, रात्री ११:५०)

मिरवणुकीत बँजो वाजवतो, तेवीस वर्षं झाली. तुम्ही पिकअपसाठी परदेशी नावं घेताय, पण गणपतीच्या ट्रॉलीवर जो बँजो वाजतो, तो म्हणजे बटणांचं बुलबुलतरंग आणि त्याला पिकअप. आमची पोरं ते पिकअप स्वतः गुंडाळतात. मिरवणुकीच्या आवाजावर मात करून चौकाच्या टोकापर्यंत पोचावं लागतं, म्हणून आमच्यात वेढे जास्त.

पंखा-मोटार वाइंडिंगच्या दुकानात जा. ४६ गेजची इनॅमल तार मागा. गेज म्हणजे आपल्याकडचं एसडब्ल्यूजी. गिटारवाले ज्याला अमेरिकन ४२ म्हणतात ती याच जाडीच्या जवळ, केसापेक्षा बारीक. शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन बसवा, सायकलचं मीटर लावून फेऱ्या मोजा. आठ हजारांच्या आसपास वेढे झाले की मल्टिमीटरवर सहा किलो-ओहमच्या आगेमागे दिसेल. तार दोन बोटांत कापडातून सोडायची. ओढली की तुटते, ढिली सोडली की वेढे मोकळे राहतात आणि पिकअप शिट्टी मारतो.

म्हणून शेवटी मेणात बुडवायचा. पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण, भांड्यात पाणी आणि पाण्यात डबा, ६५ अंशांच्या वर नाही. गॅसवर थेट ठेवलं तर मेण पेट घेतं. आमच्या एका पोराच्या भुवया गेल्या, परत आल्या.

डाग_सोल्डर (१४ मार्च, सकाळी ८:००)

मास्तर, सलाम. एक भर घालतो. एका कॉइलचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूं पकडणारच. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइटचा चोक हे खास शत्रू. याच त्रासावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उपाय शोधला. दोन कॉइल, वेढ्यांची दिशा उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरची घूं दोन्हीत उलटसुलट येऊन एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. म्हणून नावच हमबकर, घूं रोखणारा.

हरिपूररोड, तुम्ही पहिल्यांदाच करताय तर दोन एकेरी पिकअप करा. एकाचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे ठेवा. दोन्ही चालू असताना घूं जाईल. आणि आतल्या खाचा तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा, पट्टी अर्थला जोडा.

व्हॉल्व्हवाली (१४ मार्च, सकाळी १०:३५)

अर्थचा विषय निघाला म्हणून आता माझी पाळी. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सातवीपासून डाग देतेय. अँप्लिफायरवर लिहिते, पण आधी जिवाचं.

गिटारच्या तारा घोडीवाटे अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमचे दोन्ही हात अँपच्या पत्र्याला धरून आहेत असं समजा. जुन्या वाड्यात तिसऱ्या पिनेला अर्थच नसतो. अँपमध्ये बिघाड झाला आणि ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकला लागले, तर वीज हातातून छातीत जाते. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या मंचावर अर्थ नसलेल्या माइकनेच गेले. मंडपात जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे मनावर घ्या. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा, गिटारच्या एका चांगल्या केबलच्या किमतीत येतो.

दुसरं. माळ्यावरचा जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ फोडून त्याचाच अँप करायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात यू अक्षराचे व्हॉल्व्ह दिसले, यूएल८४ वगैरे, तर हात लावू नका. त्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट लाइनवर असते. त्याला गिटार जोडणं म्हणजे बोर्डात बोट घालणं.

तिसरं. व्हॉल्व्ह अँप बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तीनशे-साडेतीनशे व्होल्ट बसून असतात. १०० किलो-ओहम, २ वॅटचा रजिस्टन्स इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी लावून अर्धा मिनिट थांबा, मीटरने शून्य बघा, मगच बोटं घाला. बाबांचा एक हात कायम खिशात असायचा. मला लहानपणी वाटायचं, त्यांना थंडी वाजते.

एवढं वाचून घाबरला असाल तर बरं. मग सुरुवात एलएम३८६ या छोट्या अँप्लिफायर चिपने करा. नऊ व्होल्टची बॅटरी, चार-पाच भाग, अर्धा वॅट. रात्री खोलीत वाजवायला तेवढं पुरतं, आणि त्याने कोणी मरत नाही.

हरिपूररोड (१४ मार्च, रात्री ९:१०)

ताई, घाबरलो. पण व्हॉल्व्हचा मोह सुटत नाही. पाच वॅटचा, फेंडर चँपच्या ५एफ१ आराखड्याचा, करायचाच आहे. ट्रान्सफॉर्मर इथं गुंडाळून मिळेल का?

व्हॉल्व्हवाली (१४ मार्च, रात्री १०:०५)

मिळेल. पण नीट सांगितलं नाहीत तर चुकीचा मिळेल, आणि चूक कारागिराची नसेल.

त्या अँपमध्ये तीन व्हॉल्व्ह: एक १२एएक्स७, एक ६व्ही६ (हा पॉवर व्हॉल्व्ह) आणि ५वाय३ रेक्टिफायर. मेन ट्रान्सफॉर्मर अमेरिकन आकड्यावरून करू नका. त्यांचे ६० हर्ट्झ, आपले ५०. तेवढ्याच कामाला आपल्याला लोखंड जास्त लागतं, नाहीतर तापतो आणि गुणगुणतो.

खरी गोम आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. स्टॅबिलायझर करणारा हात सवयीने ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे आलटून-पालटून भरतो. मेनला तेच बरोबर. पण इथं एकच पॉवर व्हॉल्व्ह आहे, त्याचा सगळा डीसी प्रवाह त्या कॉइलमधून सतत वाहतो. पत्रे गुंफले तर लोखंड लगेच भरून जातं, खालचे सूर गुदमरतात. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाची फट. कागदावर लिहून द्या. मी तोंडी सांगितलं आणि दोनदा परत गुंडाळून घेतला.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अँप कधी वाजवू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून जळतो.

व्हॉल्व्हसाठी जुन्या रेडिओवाल्यांना विचारत राहा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी व्हॉल्व्ह बनवले. अजून एखाद्या खोक्यात बीईएल छापलेला ईएल८४ सापडतो आणि उत्तम वाजतो.

कृष्णाकाठ (१५ मार्च, सकाळी ७:४०)

विकत घेण्याचा मुद्दा मागे पडला, म्हणून लिहितो. सांगलीत जुना अँप घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा कुठं होता?

तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या तळमजल्यावर सहा दिवस पाणी. माझी गिटार आणि अँप दोन्ही त्यात. गिटारचं काय झालं सांगतो. सरसाने जोडलेला तंबोरा पाण्यात उकलला, प्रत्येक जोड वेगळा झाला. सॉलिड गिटारची बॉडी मात्र शाबूत होती. दांडी आठवड्याने पिळवटली. मी घाईने ती उन्हात ठेवली होती. सावलीत, चारी बाजूंनी हवा लागेल अशी, महिनाभर ठेवायला हवी होती.

अँपचा धडा महाग पडला. बाहेरून कोरडा दिसला म्हणून चौथ्या दिवशी चालू केला. ट्रान्सफॉर्मरच्या आत गाळ आणि ओल होती. धूर निघाला. नंतर मोटार वाइंडिंगवाल्याने सांगितलं, आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग खोक्यात १०० वॅटचा दिवा लावून दोन-तीन दिवस सुकवायचं, मेगरने इन्सुलेशन बघायचं, मग वीज. पुराच्या पंपांच्या मोटारी त्याने अशाच शेकड्याने वाचवल्या होत्या.

तेव्हा जुना अँप उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. स्क्रूच्या खाचेत तांबडा गाळ असेल तर नमस्कार करून परत या.

सातारी_कंदी (१५ मार्च, सकाळी ९:२०)

गिटार घेतानाही एक तपासणी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या पडद्याशी तार आणि पडद्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. मोठी फट असेल तर दांडी पुढे वाकलीय. फट नसेलच तर मागे. ट्रस रॉड फिरतो का हे विकणाऱ्यासमोर बघा, पाव फेरीच. मी फोटोवर भुलून मुंबईहून मागवली. रॉड आधीच पिळून तुटलेला होता आणि विकणाऱ्याने नंबर बदलला. तेव्हापासून प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेत नाही.

स्वस्त_सूर (१५ मार्च, दुपारी २:००)

धागाकर्ते, एक सल्ला. गिटार झाली की डोक्यावर मोठ्या कंपनीचं स्टिकर लावा. ऑनलाइन मिळतं. उद्या विकायची वेळ आली तर तिप्पट भाव.

कुपवाड_सीएनसी (१५ मार्च, दुपारी २:१५)

मग माझा साचा परत द्यायचा.

जव्हारीवाला (१५ मार्च, दुपारी ३:००)

स्वस्त_सूर, रागावू नका, पण हे आमच्या वर्मी लागतं. मिरजेचं नाव लावून भलतीकडचे तंबोरे विकले जातात, म्हणून तर गल्लीतल्या लोकांनी मानांकनासाठी खेटे घातले. दुसऱ्याचं नाव चिकटवलं की घेणारा फसतो, आणि करणाऱ्याचं कामही निनावी होतं. तंबोऱ्यावर कारागीर स्वतःचं नाव घालतो. गिटारवरही घालावं.

स्वस्त_सूर (१५ मार्च, दुपारी ३:४०)

पटलं. सल्ला मागे घेतो.

पुणेरी_स्ट्रॅट (१५ मार्च, संध्याकाळी ६:३०)

शिसवाबद्दल एक गोष्ट. २०१७ पासून शिसवाची सगळी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीत आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. इथं वाजवायला काही अडचण नाही, पण नुसत्या पट्ट्या परदेशी पाठवायच्या झाल्या तर कागद लागतात. वखारीतून घेताना पावती मागा.

आणि हो, झाली की मला एकदा वाजवायला द्या. लाकूड ऐकू येतं की नाही, ते मी प्रत्यक्ष सांगेन.

हरिपूररोड (२ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

मंडळी, सात महिने धागा थंड होता. मी गरम होतो.

एप्रिलभर फळी तोलली. वजन तीनदा तेच आलं. कुपवाडच्या दादांच्या साच्यावर राऊटर फिरवला. पहिल्याच कोपऱ्यात घाई केली आणि ढलपी उडाली, ती शोधून पुन्हा चिकटवली. कुठं आहे ते आता फक्त मला दिसतं. गाठ मात्र कापली नाही. ती बॉडीच्या खालच्या शिंगाच्या टोकाला आली, कशाच्याही आड येत नव्हती, आणि हात फिरवल्यावर काढून टाकावीशी वाटेना.

दांडी सागाची. एका जुन्या वाड्याची तुळई उतरवली होती, तिच्यातली. पडद्यांच्या खाचा मी रविवारी सकाळी, घरात कोणी नसताना कापल्या. बारावा ३२४ वर आला तेव्हा उठून चहा केला.

पॉलिशला उशीर झाला आणि पाऊस लागला. रंगारी दादांचं ऐकून एनसीचा नाद सोडला. मिरजेत जाऊन चपडीचा बोळा कसा धरायचा ते जव्हारीवाला दादांच्या वडिलांकडून शिकलो. त्यांनी माझ्या हातातला बोळा दोनदा काढून घेतला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. वरून पीयू मारलं नाही. कड उघडी पडली तर पुन्हा लाख लावीन, तेवढंच मिरजेला जाणं होईल.

दोन पिकअप बँजोमास्तरांसोबत गुंडाळले. पहिला ५.८ किलो-ओहम, दुसरा ६.३. दोन्ही चालू केले की घूं जाते. व्हॉल्व्हचा अँप अजून अर्धा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा कागद ताईंनी सांगितला तसा लिहून दिला होता. कारागिराने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असा कोणी मागत नाही." पण दिला करून. तोवर एलएम३८६ वर चाललंय.

खर्च साडेअकरा हजार, कुरिअरचे धरून. बायकोचा हिशेब बरोबर होता, एवढ्यात तयार गिटार आली असती. तिने परवा स्वतःहून विचारलं, ही गाठ मुद्दाम ठेवलीस का.

एक अडचण उरलीय, म्हणून धागा वर काढला. पाचव्या पडद्यावर बारीक तार ओढली की स्वर मध्येच दबतो. दांडीचं वाकणं कार्डाने तपासलं, बरोबर आहे. पडदा उंच राहिलाय का?

कुपवाड_सीएनसी (३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

पाचवा नव्हे, त्याच्या पुढचा कोणीतरी. सहा ते नऊ, एकेकावर लहान पोलादी पट्टी तीन पडद्यांवर टेकेल अशी ठेवा. डुलली तर मधला उंच. आधी ठोकून बघा, नीट बसलेला नसेल. घासायची घाई करू नका. रविवारी घेऊन या, बघू.

जव्हारीवाला (३ नोव्हेंबर, सकाळी ७:४०)

रविवारी मीही येतो. वडील म्हणतायत, त्यांनाही ऐकायचीय.

पुणेरी_स्ट्रॅट (३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

पुण्याहून कोयना एक्सप्रेस धरतो. मिरजेला उतरेन, कोणीतरी घ्यायला या.